नाव मोठं, ताट कसं?

आमच्या घरात ‘महाबळेश्वरला जाऊ’ याचा अर्थ ‘त्या हॉटेलात जेवू’ असाच असायचा. सांगलीहून पहाटे निघायचं, पेठ नाक्यावर हायवेला लागायचं, कऱ्हाडला चहा घ्यायचा, साताऱ्याच्या पुढे पाचवडला वाईकडे वळायचं आणि पसरणीचा घाट चढताना आबांनी मागे वळून विचारायचं, ‘‘कुणाला मळमळतंय का?’’ मळमळत असलं तरी कुणी हो म्हणायचं नाही, कारण हो म्हटलं की हॉटेलात ताक-भात मिळायचा. ऑर्थर सीट, एल्फिन्स्टन पॉइंट वगैरे दुपारनंतर. आधी जेवण, तेही बाजारातल्या त्याच हॉटेलात, शक्यतो खिडकीजवळच्या त्याच टेबलावर.

हॉटेलाचं नाव सांगत नाही. तुमच्याही घरात असं एक असणारच.

मागच्या वेळी आम्ही नाताळच्या आठवड्यात गेलो. आबा आता नाहीत. आई, मी आणि भाची अशा तिघी होतो. पाऊण तास फुटपाथवर उभं राहिल्यावर टेबल मिळालं. डाळ पातळ होती आणि फोडणी वरून ओतल्यासारखी तरंगत होती. पुऱ्या तळून बराच वेळ झालेल्या, गार, बोटांना तेल लागणाऱ्या. शेवटी स्ट्रॉबेरी क्रीम आलं. भाचीनं वाटी तिरकी करून पाहिली आणि म्हणाली, ‘‘मावशी, हे क्रीम हलतच नाहीये.’’ आई एवढंच म्हणाली, ‘‘आबा असते तर आचाऱ्याला बाहेर बोलावलं असतं.’’

परतताना गाडीत एकच चर्चा. हॉटेल बिघडलं, की आपणच बदललो? त्यानंतर मी हा प्रश्न जरा रीतसर हाताळायचं ठरवलं. जे कळलं ते इथे मांडते. जुन्या आवडत्या हॉटेलाला एकदम फुली मारण्याआधी, किंवा नाव आहे म्हणून दरवर्षी तिथेच पैसे घालण्याआधी, उपयोगी पडेल.

पहिली तपासणी स्वतःची. घाट चढून साडेचार हजार फुटांवर, थंडीत, सकाळपासून पोटात फक्त चहा असताना जे समोर येईल ते अमृत लागतं. त्यात तुमचं वय दहा असेल तर विचारायलाच नको. म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, की त्या हॉटेलातलं नेमकं काय आठवतं? पदार्थाचं नाव सांगा, ‘वातावरण’ चालणार नाही. मी तीन गोष्टी लिहिल्या: डाळ, फुगलेली पुरी आणि स्ट्रॉबेरी क्रीम. आईला पदार्थ एकही आठवेना. तिला आठवत होतं ते हे, की धाकटा भाऊ तान्हा असताना तिथल्या वाढप्यानं न मागता दुधाच्या बाटलीसाठी गरम पाणी आणून दिलं होतं. म्हणजे तिच्या लेखी त्या हॉटेलाचं नाव त्या एका माणसाच्या जिवावर उभं होतं, आणि तो माणूस आता असण्याची शक्यता कमीच. अशा आठवणीशी कुठलाही आचारी स्पर्धा करू शकत नाही. ती बाजूला ठेवा आणि तपासायचे पदार्थ तेवढे हातात घ्या.

आता दिवस. नाताळ, दिवाळीची सुट्टी, मे महिन्यातला शनिवार-रविवार हे परीक्षेचे दिवस नव्हेत. त्या दिवसांत वेण्णा लेकपाशी गाड्यांची जी रांग लागते, तीच रांग तासाभरानं भटारखान्यात लागलेली असते. समजा, भटारखाना शंभर ताटांच्या हिशेबानं बांधलाय आणि मागणी चारशेची आली. मग पुऱ्या आधी तळून ठेवाव्या लागतात, डाळीत पाणी वाढतं, फोडणी एकदाच मोठ्या कढईत करून ओगराळ्यानं वरून घातली जाते. हंगामापुरती आणलेली पोरं वाढायला असतात. त्यांना टेबलांचे नंबरही पाठ नसतात. हे समर्थन नव्हे. गर्दीत हात न सोडणारं हॉटेल तेच खरं मोठं. पण घसरण कायमची आहे की आठवड्यापुरती, हे गर्दीत कळत नाही. त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीतला मंगळवार किंवा बुधवार गाठा आणि बाराला, पहिल्या पंगतीला बसा. त्या वेळीही पुरी गार आली, तर मग गर्दीचं कारण उरत नाही.

‘इथं उंचावर डाळ शिजत नाही हो’ असंही एक उत्तर मिळतं. त्यात थोडं तथ्य आहे. या उंचीवर पाणी शंभराऐवजी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळीला जास्त वेळ लागतो. पण कुकर याच अडचणीवरचा उपाय आहे आणि तो महाबळेश्वरात मिळतो. दाणा कचकचीत राहिला असेल तर दोष डोंगराचा नाही.

यापुढची गोष्ट पाटीवर कधीच लिहिलेली नसते, ती म्हणजे हॉटेल कोण चालवतंय. थंड हवेच्या गावांत ‘चालवायला दिलंय’ हा शब्दप्रयोग तुम्ही ऐकला असेल. मालक पुण्या-मुंबईला, नाव जुनंच, आणि भटारखाना कराराने दुसऱ्याकडे. वाईट असतंच असं नाही. मालकापेक्षा चांगलं चालवणारे मी पाहिलेत. पण मग आपण ज्याच्या नावावर जातो आहोत तो हात तिथे नाही, हे ठाऊक असलेलं बरं.

एक धागा बिलावरच सापडतो. १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. भिंतीवर परवानाही लावलेला असायला हवा. या क्रमांकातला पहिला अंक १ असेल तर तो परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी १५. चौथा आणि पाचवा अंक क्रमांक दिल्याचं वर्ष सांगतात. दारावर ‘पन्नास वर्षांची परंपरा’ आणि क्रमांकात मात्र २३ दिसले, तर तिथे नवा चालक आला असण्याची शक्यता आहे. शक्यताच म्हणते, कारण वेळेत नूतनीकरण झालं नाही तरी नवा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणून हा पुरावा न मानता गल्ल्यावर सहज विचारण्यासाठी निमित्त माना: ‘‘पूर्वीचे आचारी आहेत का अजून?’’ या प्रश्नावर गल्ल्यावरचा माणूस हसून नाव सांगतो की मोबाइलमध्ये डोकं घालतो, त्यावरून बरंच कळतं.

काय मागवायचं? कमीत कमी. दोनशे पदार्थांचं मेनूकार्ड असलेल्या ठिकाणी प्रत्यक्षात तीन ग्रेव्ह्या असतात, लाल, पिवळी आणि पांढरी. नावं वरच्या शिंपडणीवर बदलतात. अशा हॉटेलात ‘आमची खासियत’ म्हणून काजूकरी मागवून काहीच सिद्ध होत नाही. साधी डाळ, पोळी किंवा पुरी आणि ताक मागवा. डाळीत लपायला जागा नसते. ताक आंबट आणि निळसर पातळ असेल तर दही कालचं किंवा परवाचं. पोळी टेबलावर येईपर्यंत वाफ धरून असेल तर तव्यापाशी माणूस जागा आहे.

साताऱ्याच्या कंदी पेढ्याची चव टिकते त्यामागेही मला हेच दिसतं. दुकान एका जिनसेवर उभं असतं. खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचा, साखर बेतानं घालायची. भाजणं कमी पडलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन बोलतं, कारण गिऱ्हाईक गावातलं असतं. आमच्या सांगलीच्या भडंगाचंही तसंच. डोंगरावरच्या हॉटेलाचं गिऱ्हाईक मात्र पुन्हा वर्षभरानं येणार, किंवा येणारच नाही. त्याला आज वाईट वाढलं तर उद्या गल्ल्यावर कुणी भांडायला येत नाही. पर्यटनाच्या गावातलं नाव टिकवणं अवघड जातं ते याच कारणानं, आणि तिथे ज्यांनी टिकवलंय त्यांचं मला जास्त कौतुक वाटतं.

आता ज्याच्यासाठी लोक पाचगणी-महाबळेश्वरला जातात त्या वाटीकडे येऊ. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लागवड पाऊस ओसरताना होते आणि फळ साधारण नोव्हेंबरअखेरीपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. यातून पहिली गोष्ट निघते: जुलैत किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘ताजी स्ट्रॉबेरी’ म्हणून जे मिळतं ते गोठवून ठेवलेलं फळ. गोठवलेलं फळ विकणं हा गुन्हा नाही, ते ताजं म्हणून विकू नये. ओळखायला सोपं आहे. गोठवलेलं फळ वितळलं की मऊ लिबलिबीत होतं आणि वाटीच्या तळाशी लाल पाणी सोडतं. ताज्या फळाचा काप दाताखाली किंचित कुरकुरतो.

दुसरी गोष्ट थोडी कमी लोकांना माहीत असते. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. आंबा अढीत घालता येतो, केळी पिकवता येतात; स्ट्रॉबेरी जेवढी गोड झाडावर झाली तेवढीच. लांबच्या बाजारात जाणारं फळ त्यामुळे थोडं आधी, देठाकडे पांढरं असतानाच तोडावं लागतं, नाहीतर वाटेत बसतं. मुंबईत आपण खातो ती आंबट स्ट्रॉबेरी बऱ्याचदा हीच. डोंगरावरच्या हॉटेलाला मात्र शेत दोन-चार किलोमीटरवर आहे. देठापर्यंत लाल झालेलं, प्रवासाला अजिबात न चालणारं फळ फक्त तेच वाढू शकतात. म्हणून वाटीतला एक काप चमच्यानं वर काढून बघा. देठाकडची बाजू पांढरी आणि मध्ये पोकळ असेल, तर शेताजवळ असण्याचा फायदा त्या हॉटेलानं तुम्हाला दिलेला नाही, मग पाटी कितीही जुनी असो.

तिसरी गोष्ट क्रीमची, म्हणजे भाचीनं बरोबर पकडलेली. दुधाचं क्रीम घुसळून घातलं असेल तर दहा-पंधरा मिनिटांत ते सैल होतं, फळाच्या रसात मिसळून कडेनं गुलाबी ओघळ येतो, जिभेवर विरघळतं. वनस्पती चरबीपासून केलेलं टॉपिंग स्वस्त पडतं, जास्त फुगतं आणि ताठ उभं राहतं. खाल्ल्यावर टाळूला मेणाचा पातळ थर बसल्यासारखं वाटतं. विचारा: ‘‘क्रीम दुधाचं आहे की टॉपिंग?’’ विचारणं उद्धटपणा नाही. दोन्हींच्या किमतीत फरक आहे आणि तो फरक तुम्ही भरताय.

तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात खरेदीदार पेटीवरचं नाव वाचत बसत नाही. मूठभर बेदाणा हातात घेतो, रंग आणि आकार पाहतो, दोन दाणे तोंडात टाकतो आणि मग बोली. जुन्या नावाच्या शेतकऱ्याचा माल असला तरी मूठ चुकत नाही. हॉटेलकडे असं बघायला आपण का लाजतो कोण जाणे.

गर्दी असलेलं ठिकाण वाईटच, असं मात्र समजू नका. किशोर व्होरांनी पाचगणीत १९५९ साली छोट्या प्रमाणावर सुरू केलेल्या मॅप्रोचं गुरेघरचं उद्यान घ्या. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे असल्यामुळे जाता-येता बहुतेक गाड्या तिथे थांबतात. सँडविच आणि स्ट्रॉबेरी क्रीमसाठी रांगा लागतात. इतका खप असलेल्या ठिकाणी फळ पडून राहायला वेळच मिळत नाही, हा गर्दीचा फायदा. तोटा असा, की तिथे निवांतपणा शोधायला गेलात तर हिरमुसाल. कुठे काय मागायचं हे ठरवून गेलं की अर्ध्या तक्रारी उरत नाहीत. मक्याचं पॅटीस वेण्णा लेकच्या काठावर गरम खावं, हॉटेलात बसून दुप्पट पैशांत नाही, हे माझं मत. आई सहमत नाही, तिला पाठ टेकायला खुर्ची लागते.

पॅटीसवरून तेल. तळणीचं तेल किती वेळा वापरायचं याला कायद्यानं मर्यादा आहे. १ जुलै २०१८ पासून तेलातली घातक ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरता येत नाही. आपल्याजवळ मोजायचं यंत्र नसतं, पण नाक असतं. कढईवर फेस धरलेला, तेल काळपट, आणि घशाला खवखव आणणारा वास आला तर पुढच्या गाडीवर जा. हात धुवायच्या जागेपाशी उभं राहिलं की बऱ्याच हॉटेलांत भटारखान्याचं दार दिसतं. तिथे दोन मिनिटं रेंगाळा. मी तरी रेंगाळते.

विचारायचं कुणाला? टॅक्सीवाल्याला नको, निदान एकट्या त्याला नको. काही हॉटेलांकडून ड्रायव्हरला जेवण किंवा कमिशन मिळतं, हे उघड गुपित आहे. टेबल लँडवरचे घोडेवाले, बाजारातले चपलांचे दुकानदार, पाचगणीच्या निवासी शाळांतले शिक्षक ही मंडळी बारा महिने तिथे राहतात. त्यांना ‘चांगलं हॉटेल कुठलं’ असं विचारलं तर पर्यटकाला सांगायचं ठरलेलं नाव सांगतील. ‘‘तुमच्याकडे पाहुणे आले तर तुम्ही कुठं नेता?’’ असं विचारा. उत्तर वेगळं येतं. मला एकदा उत्तर आलं, ‘‘घरी.’’ तेही खोटं नव्हे. ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालेलं भिलार हे मुळात स्ट्रॉबेरीचं गाव. तिथे अनेक घरांतून राहण्या-जेवणाची सोय होते. शिवसागराच्या काठी तापोळ्यालाही तसंच. भाकरी, पिठलं, ठेचा. यातलं काहीही हॉटेलच्या मेनूकार्डावर शोधू नका.

ऑनलाइन तारे बघायचे असतील तर सरासरी सोडा. गेल्या तीन महिन्यांतले आणि पदार्थाचं नाव घेऊन लिहिलेले अभिप्राय वाचा. ‘भारी अँबियन्स’ लिहिणाऱ्यानं बहुधा फोटोच खाल्लेला असतो.

बिलाबद्दल थोडक्यात. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही; केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तसे निर्देश दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवले. लावलं असेल तर काढून मागा. न काढल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. वाढप्याला टिप द्यायची तर त्याच्या हातात द्या.

आणि तक्रार करायची असेल तर करा, पण वेळ साधून. दोन वाजता गल्ल्यावर आवाज चढवून काही होत नाही. साडेतीनला, टेबलं पुसली जात असताना, मालक किंवा चालक चहा पीत बसलेला असतो. ‘‘पूर्वीची चव राहिली नाही’’ म्हणू नका. हे वाक्य तो रोज ऐकतो आणि त्याचं त्याला काही करता येत नाही. ‘‘पुऱ्या आधी तळलेल्या होत्या, डाळीत हिंग नव्हता’’ म्हणा. याचं काही करता येतं.

आम्ही फेब्रुवारीत पुन्हा गेलो, बुधवारी. सकाळी नाश्त्याला बसलो तेव्हा थालीपीठ तव्यावरून थेट आलं, लोण्याचा गोळा कडेला वितळत होता. बाराला डाळ घट्ट, हिंगाचा वास टेबलावर यायच्या आधीच. पुरी फुगलेली, भाचीनं बोटानं फोडली आणि वाफेनं हात झटकला. स्ट्रॉबेरी क्रीम मागवायच्या आधी मी तो प्रश्न विचारला. गल्ल्यावरचे गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘टॉपिंग आहे ताई. दुधाचं हवं असेल तर करून देतो, पंधरा मिनिटं थांबायला लागेल. नाताळात हे जमत नाही, खोटं कशाला सांगू.’’ थांबलो. वाटी आली तेव्हा क्रीम कडेनं ओघळायला लागलेलंच होतं.

रात्रीचं जेवण मात्र पुन्हा फसलं. पंजाबी भाजी तीच लाल ग्रेव्ही, पनीर रबरासारखं. वाढप्यानं खालच्या आवाजात सांगितलं की जुने आचारी दुपारपर्यंतच असतात, संध्याकाळी दुसरे.

तेव्हा आमच्यापुरता निकाल असा लागलाय: नाश्ता आणि दुपारचं जेवण, फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी. नाताळात तिकडे फिरकायचं नाही. रात्रीसाठी आई सांगलीहून निघतानाच भडंगाचा डबा भरून घेते, वर चिरायला कांदा आणि एक लिंबू.